गोल विसरतात, रस्ता राहतो

शनिवारची रात्र. मँचेस्टरहून दक्षिणेला निघालेली गाडी. खिडकीशी साठी ओलांडलेले दोन मित्र, दोघांच्या गळ्यात एकाच क्लबचा मफलर. वाद पेटलाय चाळीस वर्षांपूर्वीच्या एका मॅचवरून. "बस बंद पडली ती जाताना," एक म्हणतो. "अरे, येताना! जाताना तर तुझ्या भावाला गाडी लागली होती," दुसरा म्हणतो. मग चहा कुठे प्यायला, पाऊस होता की बर्फ, चिखलात बूट कुणाचा रुतला, एकेक बाहेर यायला लागतं. समोर बसलेला पोरगा विचारतो, "आणि स्कोअर?" दोघेही खिडकीबाहेर बघायला लागतात.

अशी जोडी इंग्लंडमध्ये कुठल्याही शनिवारी, कुठल्याही डब्यात भेटते. ही माणसं एवढी लांब गेली ती मॅच बघायलाच ना? मग मॅच गेली कुठे? आणि बसचं बंद पडणं तेवढं डोक्यात कसं काय राहिलं?

आपल्याला हे नवीन नाही म्हणा. लग्न कुणाच्या लक्षात असतं? मंगलाष्टकं, अक्षता, संपलं. पण वऱ्हाडाचा टेम्पो घाटात बंद पडला आणि नवरदेवाच्या मामांना धक्का मारावा लागला, ही गोष्ट तीस वर्षं चालते. परगावच्या मॅचला, तिकडच्या भाषेत 'अवे' मॅचला, जाणारे प्रेक्षक म्हणजे दर पंधरा दिवसांनी निघणारं वऱ्हाडच. फरक एवढाच, की इथे समोरचा पक्ष शिव्या देऊन स्वागत करतो आणि जेवण आपलं आपण विकत घ्यायचं.

हे वऱ्हाड पहिल्यांदा निघालं कसं, ते बघण्यासारखं आहे. इंग्लंडात मॅच शनिवारी दुपारी तीनला सुरू करायची जुनी रीत. हा मुहूर्त काढला कुणी? कापडगिरण्यांनी! १८५० च्या कारखाना कायद्याने गिरण्यांतल्या बायका-मुलांचं शनिवारचं काम दुपारी दोनला थांबवलं. त्यांच्याशिवाय माग चालणार कसे? मग पुरुषही सुटले. दोनला भोंगा, तीनला मॅच. आपल्या गिरणगावातल्या माणसाला हे गणित समजावून सांगायला नको. लाखो लोकांच्या हातात एकदम अर्धा दिवस पडला आणि शेजारून रेल्वे धावत होती.

रेल्वे होती, पण तिकिटाचे पैसे? १८७२ मध्ये ग्लासगोचा क्वीन्स पार्क क्लब एफए कपच्या उपांत्य सामन्यासाठी लंडनला गेला. त्याआधी त्यांनी त्या स्पर्धेत एकही मॅच खेळलेली नव्हती, सगळ्या फेऱ्या न खेळताच पार झालेल्या. वर्गणी काढून लंडन गाठलं. सामना शून्य-शून्य सुटला. नियमाप्रमाणे पुन्हा खेळायचा, पण तोवर थांबायला पैसे कुठे होते? क्लबने माघार घेतली आणि सगळे घरी परतले. न हरता बाहेर! प्रतिस्पर्धी वाँडरर्स पुढे कप जिंकून मोकळे झाले.

म्हणूनच १८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा तिच्यात बाराच क्लब होते, आणि तेही फक्त लँकेशर आणि मिडलँड्समधले. सकाळी निघायचं, मॅच खेळायची, रात्री घरी. खेळाचा नकाशा आखताना रेल्वेचं वेळापत्रक शेजारी उघडं असणारच.

आणि १९०१ मध्ये तर रेल्वेने एफए कपची एक अख्खी फायनलच पाडली. टॉटनहॅम विरुद्ध शेफिल्ड युनायटेड. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसवर एक लाखाहून जास्त लोक जमले आणि मॅच बरोबरीत सुटली. फेरसामना आठवड्याने, बोल्टनला. बोल्टनकरांनी हिशेब केला, एवढी गर्दी येणार तर तिला भूकही लागणार. मांस भरलेल्या पाईंच्या चळती तयार झाल्या. पण बोल्टन स्टेशनची दुरुस्ती चालली होती, आणि रेल्वे कंपनीने स्वस्तातली तिकिटं द्यायला नकार दिला. आले जेमतेम वीस हजार लोक. पाई तशाच पडून राहिल्या. टॉटनहॅमने ३-१ ने कप जिंकला, पण बोल्टनच्या इतिहासात तो दिवस ओळखला जातो 'पाईचा शनिवार' म्हणून. कप नव्हे, पाई! आपल्या गाडीतल्या म्हाताऱ्यांचंच शहराच्या मापाचं रूप.

आता डोक्यात शिरू. गेल्या मंगळवारी डब्यात भाजी कुठली होती? नाही ना आठवत? आणि पंधरा वर्षांपूर्वी कोकणात जाताना एसटी जिथे तासभर अडकली, तिथे खाल्लेली भजी? मिरचीसकट आठवतात. मेंदू कंजूष वाण्यासारखा आहे. रोजची तीच ती उधारी तो वेगवेगळी लिहीत बसत नाही, एकाच ओळीत उरकतो. प्रीमियर लीगमध्ये एका हंगामात घरच्या मैदानावर एकोणीस मॅच होतात. तेच फाटक, तीच खुर्ची, शेजारी तोच खोकणारा माणूस. दहा वर्षांत एकशे नव्वद मॅच, आणि त्यांची मिळून आठवण एकच, पातळ वरणासारखी. परगावच्या मॅचला मात्र दर वेळी वेगळा रस्ता, वेगळं स्टेशन, वेगळा गारठा. वहीत नवीन पान उघडावंच लागतं.

पण खरी गंमत पुढे आहे. मेंदूत कानाच्या पातळीवर, आतल्या बाजूला, हिप्पोकॅम्पस नावाचा एक वळलेला तुकडा असतो. समुद्रघोड्यासारखा दिसतो म्हणून त्याचं नावच ते. १९५३ मध्ये हेन्री मोलेसन नावाच्या अमेरिकन तरुणाला येणाऱ्या झटक्यांवर उपाय म्हणून हा भाग दोन्ही बाजूंनी बराचसा काढून टाकण्यात आला. झटके कमी झाले, पण नवीन आठवणी बनणंच थांबलं. भेटलेला माणूस खोलीबाहेर जाऊन परत आला की हेन्रीसाठी नवखा. म्हणजे आठवणींचा कारखाना इथे, हे कळलं.

पुढे १९७१ मध्ये लंडनमध्ये जॉन ओकीफ उंदरांच्या याच तुकड्यात बारीक तारा घालून ऐकत होते. त्यांना काय सापडावं? उंदीर एका ठराविक कोपऱ्यात गेला की एक ठराविक पेशी कडकडते, दुसऱ्या कोपऱ्यात दुसरी. आठवणी घडवणारा तुकडा नकाशाही काढत होता! या शोधासाठी ओकीफ यांना २०१४ मध्ये नोबेल मिळालं. म्हणजे 'कुठे' आणि 'काय झालं' या दोन गोष्टी मेंदूत एकाच घरात राहतात, एकाच चुलीवर शिजतात. कुठल्या वळणावर बस थांबली हे आठवलं, की त्या वळणावरची माणसं, त्यांचे विनोद, ओल्या कोटांचा वास, सगळं मागून येतं. गोलाला मात्र रस्ता नसतो. गोल दोन सेकंदांत होतो, आणि पुढे उभा असलेला उंच माणूस नेमका तेव्हाच उडी मारतो.

बरं, एवढं पक्कं साठवलंय तर मग दोघं भांडतात कशाला? जाताना की येताना?

कारण आठवण ही पेटीत ठेवलेली पैठणी नाही, की घडी मोडली आणि तशीच बाहेर आली. दर वेळी ती नव्याने विणली जाते. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ च्या पुस्तकात हे दाखवून दिलं. लोकांना एक अनोळखी गोष्ट वाचायला देऊन ते पुन्हा पुन्हा सांगायला लावत. जे विचित्र वाटे ते गळून जाई, आणि जे ओळखीचं ते मूळ गोष्टीत नसतानाही आत शिरे. याहून चक्रावणारा किस्सा ॲमस्टरडॅमचा. १९९२ मध्ये तिथे एक मालवाहू विमान इमारतींवर कोसळलं. दहा महिन्यांनी मानसशास्त्रज्ञांनी लोकांना विचारलं, विमान आदळतानाचं चित्रण टीव्हीवर पाहिलंत का? निम्म्याहून जास्त लोक म्हणाले, हो, पाहिलं. तसं चित्रणच अस्तित्वात नव्हतं!

तेव्हा गाडीतल्या त्या दोघांपैकी कुणी खोटं बोलत नसतं. चाळीस वर्षं एकमेकांना तीच गोष्ट सांगताना याचा पाऊस त्याच्या डोक्यात गेला, त्याचा भाऊ याच्या. आणि काही तुकडे तर त्यांनी आपापसात वाटूनच घेतलेले असतात. डॅनियल वेगनर या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात हे नेमकं पकडलं. बरोबर राहणारी माणसं लक्षात ठेवण्याचं काम वाटून घेतात. घरात नाही का, वाढदिवस आईच्या डोक्यात आणि गॅस कधी लावला ते बाबांच्या? अवे मॅचचंही तेच. रस्ता एकाच्या डोक्यात, माणसं दुसऱ्याच्या. दोघं समोरासमोर बसल्याशिवाय ती मॅच पूर्ण होतच नाही. मला विचाराल तर त्यांचं भांडण हीच ती मॅच आठवण्याची रीत.

२५ मे २००५, इस्तंबूल. चॅम्पियन्स लीगची फायनल, लिव्हरपूल विरुद्ध मिलान. स्टेडियम शहराबाहेर उजाड टेकड्यांमध्ये. रस्ते तुंबले, बस अडकल्या, तेव्हा लाल शर्टवाली माणसं खाली उतरून माळ तुडवत निघाली. मध्यंतराला लिव्हरपूल ०-३ ने मागे. मग सहा मिनिटांत तीन गोल, आणि शेवटी पेनल्टींवर कप. त्या रात्री तिथे असलेल्या माणसाला गाठा आणि सांगायला लावा. तो गोलापासून सुरुवात करणार नाही, माळरानापासून करेल.

आणि जिंकलेल्या रात्रीच टिकतात असं कुठे आहे? २०२१ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी इंग्लिश चाहत्यांची पाहणी करून दाखवलं, की सतत मार खाणाऱ्या क्लबांच्या चाहत्यांचं आपसातलं नातं यशस्वी क्लबांपेक्षा घट्ट असतं, अगदी घरच्यांसारखं. प्लिमथ देशाच्या नैर्ऋत्य टोकाला, कार्लाइल पार उत्तरेला. मध्ये रस्ता सहाशे किलोमीटरहून लांब. एवढ्या लांब जाऊन भिजून, हरून, पहाटे घरी येणारा माणूस तो पराभव छातीवर बिल्ल्यासारखा मिरवतो. "तू होतास का तेव्हा?" या प्रश्नाला "हो" म्हणता येणं हीच तिथली जहागीर.

आमच्या कोल्हापूरकरांचं मात्र या बाबतीत नशीब फुटकं. फुटबॉलचं वेड म्हणाल तर पेठापेठांतून ओतू जातंय, पण सगळ्या तालमींच्या, म्हणजे तिथल्या क्लबांच्या, मॅच एकाच शाहू स्टेडियमवर. परगाव आणायचं कुठून? ती मजा पाहायची तर गोव्यात. २० मार्च २०२२ ला इंडियन सुपर लीगची फायनल फातोर्ड्याला होती, आणि केरळ ब्लास्टर्सचे चाहते किनाऱ्याकिनाऱ्याने पिवळे शर्ट घालून मडगावात उतरले. पण समोरच्या हैदराबादचा रंगही पिवळाच, आणि त्या दिवशी पिवळ्यावर हक्क त्यांचा. प्रेक्षकांत पिवळं केरळ, मैदानात पिवळं हैदराबाद! पेनल्टींवर केरळ हरलं. पण गोव्याचा तो प्रवास अजून बरीच वर्षं कोचीत सांगितला जाईल.

आठवणींबद्दल आणखी एक गोष्ट. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शेकडो लोकांना सर्वकाळचे श्रेष्ठ फुटबॉलपटू निवडायला सांगितलं होतं. पेले, क्रायफ की मॅराडोना? उत्तर खेळाडूपेक्षा उत्तर देणाऱ्याच्या जन्मसालावर ठरलं. आपण सतरा वर्षांच्या आसपास असताना जे ऐन भरात होते, तेच लोकांना सर्वांत थोर वाटले. सतरा म्हणजे घरच्यांशिवाय पहिल्यांदा परगावच्या मॅचला जायचं वय!

या वयातल्या आठवणी शेवटपर्यंत तग धरतात. स्कॉटलंडमध्ये 'फुटबॉल मेमरीज' नावाचा उपक्रम चालतो. स्मृतिभ्रंश झालेले वृद्ध चाहते एका टेबलाभोवती बसतात, मधोमध जुन्या मॅचचे कृष्णधवल फोटो. सकाळी काय खाल्लं हे ज्याला सांगता येत नाही, तो फोटोतल्या अकरा जणांवर बोट ठेवत नावं घेत जातो. मग बापाबरोबर कुठली बस पकडली होती ते सांगतो. आणि टेबलापलीकडून कुणीतरी म्हणतं, "बस नव्हे हो, ट्रेन!"