मुळीला कसोटीचे भय कशाला?

मुरबाड तालुक्यातील एका पाड्यावरून आमच्या महाविद्यालयात येणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांच्या अंगावरून वारे गेले. मेंदूत रक्तस्राव झाल्याचे निदान झाले. इस्पितळातून घरी आणल्यावर दोन शेळ्या विकून झाडपाल्याचे औषध देणाऱ्या एका जाणत्याकडून मुळ्यांचा काढा आणण्यात आला. तीन महिन्यांनी वडील काठी टेकत अंगणात फिरू लागले. काढ्याचा गुण आला अशी घरादाराची खात्री पटली आणि रक्तदाबाच्या गोळ्या फडताळात पडून राहिल्या. ‘सर, काढा लागू पडला ना?’ या त्याच्या प्रश्नाला मला तत्काळ उत्तर देता आले नाही.

नेमका हाच प्रश्न चीनमधील वैद्यांनी व डॉक्टरांनी स्वतःला विचारला. मेंदूत रक्तस्राव झालेल्यांना पारंपरिक वनौषधी देण्याचा तेथे सर्रास प्रघात आहे. अशाच एका औषधाची तेथील २६ रुग्णालयांत १,६४८ रुग्णांवर चाचणी घेण्यात आली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्णांचे दोन गट पाडले गेले. एकाला २८ दिवस औषध मिळाले. दुसऱ्याला तसेच दिसणारे, पण औषध नसलेले द्रव. कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि डॉक्टरांनाही. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ने निष्कर्ष प्रसिद्ध केला: ९० दिवसांनंतर दोन्ही गटांतील रुग्णांची स्थिती सारखीच होती.

सारखीच होती, याचा अर्थ कोणीच सुधारले नाही असा नव्हे. सुधारणारे दोन्हीकडे होते. कारण रक्तस्रावातून वाचलेला मेंदू काही अंशी आपणहून सावरतो. दुसरा गट नसता, तर पहिल्या गटातील सुधारलेल्या प्रत्येकाच्या घरी औषधाचेच गुणगान झाले असते. पाड्यावरच्या त्या अंगणात दुसरा गट नव्हता, एवढेच.

यात देशी वैद्यकाचा अवमान आहे असे कोणी समजू नये. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबावर सर्पगंधेचा उपयोग रुग्णांवर पडताळून १९४९ मध्ये तो ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मधून मांडला, १९५२ मध्ये तिच्यातील रेसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले आणि आमची मुळी जगभर पोहोचली. पुढे तिचे दुष्परिणाम दिसले, अधिक चांगली औषधे आली व ती मागे पडली. तिला मान मिळाला तोही कसोटीने आणि ती बाजूला झाली तीही कसोटीनेच.

अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून मला चिंता वाटते ती निराळ्याच हिशेबाची. शेळ्या गेल्या, हा दिसणारा खर्च. बंद पडलेल्या गोळ्या हा न दिसणारा. मेंदूतील रक्तस्रावाचे प्रमुख कारण उच्च रक्तदाब हेच आहे. भारतासह १० देशांतील ७,०३६ रुग्णांच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रक्तदाब त्वरेने उतरवणे, साखर व ताप आटोक्यात ठेवणे अशा साध्या उपायांच्या एकत्रित वापरानेच रुग्णांची स्थिती सुधारली. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार विनामूल्य आहेत. पण पाड्यावरच्या मजुराला तेथे जाण्यासाठी दिवसाची मजुरी बुडवावी लागते. काढा मात्र दाराशी येतो. गोळ्याही दाराशी पोहोचवणे हे शासनाचे काम आहे.

शहापूरच्या रानातील गुळवेल गोळा करून कातकरी कुटुंबे चार पैसे मिळवतात. वनौषधींवरचा विश्वास टिकणे त्यांच्याही हिताचे आहे आणि तो जाहिरातींवर फार काळ टिकत नाही. आपल्या जाणत्यांच्या मुळ्याही चीनइतक्याच कठोरपणे पारखाव्यात आणि निकाल प्रतिकूल आला तरी तो छापावा.

त्या विद्यार्थ्याला मी अखेर इतकेच सांगितले: वडील चालू लागले, आनंद आहे, श्रेय कोणाचे ते आपल्याला ठाऊक नाही. पण उद्या कॉलेज बुडव, त्यांना दवाखान्यात ने, रक्तदाब मोजून घे आणि गोळ्या पुन्हा सुरू कर.