रानातला बटेर आणि फार्मचा बटेर : फरक ओळखा, धंदा सांभाळा

कोंबडीबरोबर बटेर विकणारे आपले अनेक बांधव आहेत. गिऱ्हाईक फक्त 'बटेर' मागते, पण बाजारात या नावाखाली दोन वेगवेगळे पक्षी येतात. एकाची विक्री कायदेशीर आहे, दुसऱ्याची विक्री हा गुन्हा आहे. दोन्ही पक्षी हलाल असले तरी कायद्यापुढे त्यांचा हिशेब वेगळा आहे. म्हणून हा खुलासा आम्ही येथे देत आहोत.

रानातला बटेर, म्हणजे मराठीत लावा, हा थंडीच्या दिवसांत उत्तरेकडून येणारा पाहुणा. शेतात आणि गवतात तो जमिनीवरच चरतो आणि पायाखाली आल्यावर एकदम भुर्रकन उडतो. फार्मचा बटेर मूळचा पूर्व आशियातला, म्हणूनच त्याला जपानी बटेर म्हणतात. १९७४ साली तो अमेरिकेतून आपल्या देशात पाळण्यासाठी आणला गेला. पुढे बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने त्याच्या सुधारित जाती तयार केल्या. हे दोन पक्षी इतके जवळचे आहेत की पूर्वी शास्त्रज्ञ त्यांना एकाच जातीचे मानत.

ओळखायचे कसे?

पहिली खूण वजनाची. रानातला बटेर साधारण १०० ग्रॅमचा असतो. फार्मचा पक्षी पाच-सहा आठवड्यांत १५० ते २०० ग्रॅम भरतो. दुसरी खूण गळ्याची. रानातल्या नराच्या गळ्यावर बहुधा नांगराच्या आकाराची काळी खूण दिसते. फार्मच्या तपकिरी नराचा गळा तांबूस असतो. माद्यांमध्ये मात्र हा फरक दिसत नाही. तिसरी खूण वागण्याची. फार्मचा पक्षी पिंजऱ्यात दाटीत शांत राहतो. रानातला पक्षी घाबरून वर उसळतो आणि छताला डोके आपटून घेतो. पण सोललेल्या मालात यातले फारसे काही उरत नाही. तेथे खरा भरवसा बिलाचाच.

कायदा काय म्हणतो?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातल्या बटेराला संरक्षण दिले आहे. त्याला पकडणे, विकणे किंवा त्याचे मांस जवळ ठेवणे हा गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय असा माल सापडला, तर तो कायदेशीर आहे हे दुकानदाराला सिद्ध करावे लागते. "मला माहीत नव्हते" हे उत्तर तेथे चालत नाही.

जपानी बटेरावरही मध्यंतरी बंधने होती. २०११ साली केंद्रीय पर्यावरण खात्याने नवे परवाने थांबवले होते. पुढे हा पाळीव पक्षी असल्याचे मान्य होऊन ती अडचण दूर झाली.

धंद्याच्या दृष्टीनेही फार्मचा पक्षीच फायद्याचा. त्याची अंडी सतरा-अठरा दिवसांत उबतात. मादी सहा-सात आठवड्यांची झाली की अंडी देऊ लागते. अंडे सुमारे १० ग्रॅमचे, ठिपकेदार असते. पिंजऱ्यात ती अंड्यांवर बसत नाही, म्हणून उबवणी यंत्र लागते. जागा मात्र कोंबडीपेक्षा कितीतरी कमी पुरते.

आमची व्यापारी बांधवांना विनंती :

१. माल हॅचरी किंवा फार्मकडूनच घ्या. पक्ष्यांची संख्या, तारीख आणि 'जपानी बटेर' असा उल्लेख असलेले बिल दुकानात ठेवा.

२. आठवडी बाजारात कोणी पिशवीतून स्वस्त बटेर आणला, तर भाव विचारण्याच्या भानगडीतही पडू नका.

३. उरलेले फार्मचे पक्षी रानात सोडू नका. रानातल्या पक्ष्यांशी त्यांचा संकर होतो आणि मूळ जात बिघडते.

जोडीला दहा-वीस रुपये वाचवण्यासाठी दुकानाला टाळे लागण्याची पाळी येऊ देऊ नये. बिल जपून ठेवणारा दुकानदार तपासणीच्या दिवशीही निर्धास्त बसतो.