पोटाकडे लागलेले लक्ष

कळवण तालुक्यात कुणाला कांदा सोडायला सांगायचे म्हणजे घरचेच पीक परके करायचे. तरी आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम असलेल्यांना हा सल्ला हटकून मिळतो. कांद्यातले फ्रुक्टान लहान आतड्यात पचत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवतात, गॅस धरतो, आतडे ताणले जाते. पण गॅस निरोगी माणसालाही होतोच. मग फरक कशात? ब्रिटिश डॉक्टर रिची यांनी १९७३ मध्ये आतड्यात फुगा सरकवून तो ६० मिलिलिटरपर्यंत फुगवला. आयबीएसच्या निम्म्याहून अधिक रुग्णांना दुखले. इतरांत दुखले फक्त ६ टक्क्यांना. म्हणजे दुखणे खरे असते. ‘सगळे तुझ्या मनाचे खेळ’ म्हणणाऱ्या घरच्यांनी हे आधी ऐकावे.

मात्र या दुखण्याला भीती चिकटते. नाशिकची एसटी धरायची तर सकाळपासून चहाही न घेणारे लोक असतात. वाटेत मुरडा आला तर? मग वणी येईपर्यंत सगळे लक्ष पोटात. एरवी लक्षातही न येणारी गुडगुड मोठी वाटते, चिंता वाढते आणि चिंतेने आतड्याची हालचाल आणखी बिघडते.

हे अडकलेले लक्ष सोडवण्याचा एक सराव मँचेस्टरचे मानसशास्त्रज्ञ एड्रियन वेल्स यांनी १९९० मध्ये मांडला, तो मुळात पॅनिकच्या झटक्यांसाठी. सराव सगळा कानांचा. कळवणच्या बाजारपेठेत बसून करायचा तर पाचेक मिनिटे एकेक आवाज निवडून ऐकायचा: लिलावाची बोली, ट्रॅक्टर, दूरची घंटा. पुढची पाच मिनिटे एकावरून दुसऱ्यावर भराभर उड्या. शेवटची दोन मिनिटे सगळे आवाज एकदम. मध्येच पोट बोलले, तर तोही एक आवाज. त्याला हुसकायचे नाही, त्याच्यामागे जायचेही नाही. कळ आल्यावर ती विसरण्यासाठी हा सराव नाही, तो निवांत वेळी रोज करायचा असतो. इथेच बरेच जण गफलत करतात.

दुसरी पद्धत संगणकावरची. पडद्यावर भीतीचा एक आणि साधा एक असे दोन शब्द चमकतात, मग ठिपका येतो. तो दरवेळी साध्या शब्दाच्या जागी आणून नजरेची भीतीकडे वळायची सवय मोडायची. जपानमध्ये आयबीएसच्या रुग्णांवर तिचा एक प्रकार करून पाहिला आहे, पण अभ्यास लहान आणि प्राथमिक. त्यावर घाईने पैसे खर्चू नयेत.

त्यापेक्षा माइंडफुलनेसची, म्हणजे सजगतेच्या सरावाची, बाजू भक्कम आहे. नॉर्थ कॅरोलिनात ७५ स्त्रियांवर झालेल्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रशिक्षणानंतर तीन महिन्यांनी त्रासाची तीव्रता सुमारे ३८ टक्क्यांनी घटली. नुसत्या आधारगटात १२ टक्क्यांनी. गंमत म्हणजे इथे लक्ष बाहेर न्यायचे नसते, शरीराच्या संवेदना न घाबरता पाहायच्या असतात. आपल्याच नाशिक जिल्ह्यात इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यनेत असेच काही शिकवतात, अर्थात आजारावरचा इलाज म्हणून नव्हे. वेल्स लक्ष बाहेर पाठवतात, माइंडफुलनेसवाले आत बसवतात. मला दोन्हींत एकच सूत्र दिसते: लक्ष कुठे ठेवायचे हे भीतीने ठरवू नये.

शौचातून रक्त, घटणारे वजन, रक्तक्षय किंवा झोपेतून उठवणारे जुलाब असतील, तर हे सगळे बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठावा. तपासण्या ठीक आल्या आणि चिंता उरलीच, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत, मोफत बोलता येते.