भूक मारणारा झाडपाला

आमच्या शहापूर-मुरबाडच्या वाड्यापाड्यांना भूक काही नवी नाही. ऐन पावसाळ्यात कणगी रिकामी झाली की कंदमुळं उकडून आणि रानभाज्या शिजवून दिवस काढलेली माणसं आजही इथे भेटतात. कुपोषण हा शब्द इथल्या अंगणवाडीत रोजचा आहे. त्याच मुलखात, आमच्या किन्हवलीपर्यंत, आता भूक मारण्याची चूर्णं आणि गोळ्या येऊन पोहोचल्या आहेत. पाकिटावर हिरवं पान आणि खाली 'संपूर्ण वनस्पतिजन्य' अशी ग्वाही. लग्नाला आलेल्या मुली ती घेतात, बाळंतपणानंतर अंग सुटलेल्या बायका घेतात, साखरेचा आजार असलेले वडीलधारेही घेतात. नात्यातली एक मुलगी मला म्हणाली, "चाचा, झाडपाल्याचंच तर आहे, त्यात वाईट काय असणार?" हाच समज आज जरा तपासून पाहू.

भूक मारण्याची कल्पना परदेशातून आलेली नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला दुसरा अध्याय अपामार्गाच्या, म्हणजे आपल्या बांधावरच्या आघाड्याच्या बियांच्या नावाने ओळखला जातो. त्यात निरनिराळ्या औषधी पेजा सांगितल्या आहेत आणि आघाड्याच्या बियांची एक पेज भूक घालवते, असंही म्हटलं आहे. पण ते सांगणं वैद्यासाठी आहे. रोगी पाहून, मात्रा ठरवून देण्याची ती गोष्ट आहे. दुकानातून आणून मनाने घेण्याची नव्हे.

मुळात भूक लागते कशी? पोट रिकामं झालं की जठरातून 'घ्रेलिन' नावाचं संप्रेरक रक्तात उतरतं आणि मेंदूला निरोप देतं. जपानी शास्त्रज्ञांनी ते १९९९ साली शोधलं. नेहमीच्या जेवणाच्या वेळा जवळ आल्या की ते वाढतं आणि पुढे ओसरतं. रोजा धरणाऱ्याला हे पुस्तकाविना ठाऊक असतं. दुपारी पोटात कालवाकालव होते, आणि तासाभराने काही न खाताच ती शमते. भूक लाटेसारखी येते आणि जाते.

या लाटेला थोपवणाऱ्या वनस्पती साधारण तीन तऱ्हेच्या आहेत. पहिली तऱ्हा पोट भरणाऱ्यांची : इसबगोल, मेथीदाणे, इफ्तारच्या सरबतातला सब्जा. यातला तंतुमय भाग पाण्यात फुगतो, जठरात जागा अडवतो आणि अन्न सावकाश पुढे सरकतं. गुण थोडा आहे, पण खरा आहे. शिवाय पोट साफ राहतं. मात्र इसबगोल पुरेशा पाण्याविना घेतलं तर घशात किंवा आतड्यात अडकू शकतं. इतर औषधांचं शोषणही त्याने कमी होतं, म्हणून दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवावं.

दुसरी तऱ्हा गुडमारची. त्याचं पान चावून साखर तोंडात टाकली तर वाळू चघळल्यासारखं वाटतं. पानातली द्रव्यं जिभेवरची गोडाची जाणीव काही वेळ बंद करतात. गोडाची चटक असलेल्याला त्याचा उपयोग होऊ शकतो. पण गुडमार रक्तातली साखरही उतरवतं. मधुमेहाची गोळी चालू असताना डॉक्टरांना न सांगता ते घेतलं, तर साखर एकाएकी खाली जाऊन चक्कर येण्याची, शुद्ध हरपण्याची भीती असते.

तिसरी तऱ्हा जाहिरातींतली. आपल्या कोकमाचा भाऊबंद असलेलं मलबारी गार्सिनिया यात सर्वांत गाजलं. १९९८ साली अमेरिकेत १३५ लठ्ठ माणसांवर बारा आठवडे त्याची चाचणी झाली. खरं औषध घेणारे आणि नुसत्या दिखाऊ गोळ्या घेणारे यांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. उलट पुढे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आल्या आणि २०२५ मध्ये फ्रान्सच्या अन्नसुरक्षा संस्थेने ते घेऊ नका असंच सांगितलं. यावरून आपल्या सोलकढीला कोणी घाबरू नये. ताटातलं आमसूल आणि गोळीत दाटून भरलेला अर्क या दोन निराळ्या गोष्टी आहेत. माकडशिंगीची तपासणी बंगळूरमध्ये झाली, २००७ साली ती प्रसिद्ध झाली. पन्नास जणांनी दोन महिने अर्क किंवा दिखाऊ औषध घेतलं. अर्क घेणाऱ्यांची भूक आणि कमरेचा घेर थोडा कमी झाला, वजनात मात्र लक्षणीय फरक पडला नाही.

सर्वांत मोठा धोका झाडपाल्याचा नाहीच, झाडपाल्याच्या नावाखाली मिसळलेल्या रसायनाचा आहे. सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध हृदयविकाराच्या भीतीने भारतात २०११ मध्ये बंद झालं. तरी जगभर 'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत ते वारंवार सापडलं आहे. म्हणून एखादं चूर्ण चारच दिवसांत भूक पार घालवत असेल, छाती धडधडत असेल, झोप उडत असेल, तर गुण आला म्हणून खूश होऊ नये. ते तिथेच थांबवावं आणि पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जावं. लठ्ठपणा घालवण्याची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानेच मनाई आहे. तेव्हा 'महिन्यात दहा किलो' अशी हमी दिसली की ती हमी देणाराच कायद्याबाहेर आहे असं समजावं.

गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या आया, वाढत्या वयाची मुलं, आणि यकृत, हृदय किंवा साखरेचे रोगी यांनी या वाटेला स्वतःहून जाऊच नये. इतरांनी इसबगोल, मेथी, सब्जा जरूर घ्यावेत, पण त्यांच्याकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. नाचणीची भाकरी, वाटीभर डाळ, पालेभाजी आणि सावकाश जेवणं हेही तेच काम करतं आणि सोबत अंगाला बळ देतं. आमच्याकडच्या कित्येक मुलींच्या अंगात मुळातच रक्त कमी असतं. त्यांची भूक मारणं म्हणजे त्यांची ताकद मारणं. म्हणून घरातल्या मोठ्यांनी लेकीच्या वजनावर बोट ठेवण्याआधी तिच्या ताटात काय पडतं, ते एकदा पाहावं.