शेकरूची वाट

पुण्याहून पश्चिमेस पौडमार्गे कोकणात उतरणारा रस्ता मुळशीच्या विस्तीर्ण जलाशयाच्या कडेकडेने जातो. जलाशय मागे पडला, की दोन्ही बाजूंस दाट झाडी लागते आणि ताम्हिणी घाटास प्रारंभ होतो. उजव्या हातास कुंडलिकेचे खोल खोरे आहे. याच डोंगररांगेतील एका रानास लोकांनी 'अंधारबन' असे नाव दिले आहे. तेथे भर दुपारीही ऊन जमिनीपर्यंत क्वचितच पोहोचते. जुलै 2024 मध्ये ताम्हिणीस एका दिवसात 556 मिलिमीटर पाऊस पडला. पुणे शहरात सबंध वर्षभरात साधारणतः 700 ते 750 मिलिमीटर पडतो. एवढ्या पावसाच्या बळावरच येथील सदाहरित वन वाढले आहे.

2013 मध्ये शासनाने या वनाचा सुमारे 50 चौरस किलोमीटरांचा भाग अभयारण्य म्हणून घोषित केला. तो पुणे व रायगड अशा दोन्ही जिल्ह्यांत पसरला आहे. दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यान 1926 साली स्थापन झाले; त्याचे क्षेत्र 19,000 चौरस किलोमीटरांहून अधिक आहे. त्याच्यापुढे ताम्हिणी म्हणजे एखाद्या मोठ्या वाड्यापुढील तुळशीवृंदावनच होय! क्रूगरच्या मोकळ्या माळावर हत्तींचे कळप दुरूनच दृष्टीस पडतात. ताम्हिणीच्या झाडीत बिबट्या, सांबर, भेकर, सशाएवढी चिमुकली पिसोरी, खवले मांजर हे सारे प्राणी असूनही दिवसभर हिंडणाऱ्याच्या नजरेस त्यांपैकी एकही पडेल, असा भरवसा नाही. येथे पाहावयास मिळते ते बहुधा वर, झाडांच्या शेंड्यांत.

त्या शेंड्यांचे राज्य शेकरूचे आहे. शेकरू म्हणजे मोठी खार. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी. डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत त्याची लांबी जवळजवळ एक मीटर भरते, आणि तिच्यातील निम्म्याहून अधिक वाटा झुपकेदार शेपटीचाच असतो. पाठीचा रंग तांबूस तपकिरी, पोटाचा फिकट पिवळसर. फळ खाताना ते मागच्या पायांनी फांदीस धरून खाली लोंबकळते, पुढच्या पायांत फळ धरते आणि शेपटी मागे सोडून तोल सांभाळते. घार किंवा गरुड डोक्यावर आला, तर ते पळत सुटत नाही. खोडास चिकटून निश्चल राहते. काटक्या व पाने रचून ते गोल घरटे बांधते, आणि तेही एकच नव्हे, तर वेगवेगळ्या झाडांवर अनेक.

ही घरटी कोठे असतात, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. जेथे एका झाडाच्या फांद्या दुसऱ्या झाडाच्या फांद्यांत गुंतलेल्या असतात, अशीच जागा शेकरू निवडते. कारण ते जमिनीवर सहसा उतरत नाही. खाणे, हिंडणे, जोडीदार शोधणे, शत्रूपासून निसटणे हे सर्व वरच्या वर चालते. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर ते सुमारे सहा मीटरांची झेप घेऊ शकते. अंतर त्याहून वाढले, की वाट तुटली. अशा वेळी पलीकडचे हिरवेगार रान नजरेसमोर असूनही शेकरूच्या दृष्टीने ते समुद्रापलीकडच्या बेटाइतके दूर असते. म्हणूनच अभयारण्य किती मोठे आहे, एवढेच विचारून भागत नाही. ते उत्तरेस भीमाशंकराच्या बाजूच्या आणि दक्षिणेच्या रानांशी कितपत जोडलेले आहे, हेही पाहावे लागते.

कायदा होण्यापूर्वी या प्रदेशात राने राखण्याची दुसरी एक रीत होती. गावोगावी एखाद्या देवतेच्या नावाने वनाचा तुकडा राखून ठेवलेला असे, तोच देवराई. तेथील जिवंत झाड तोडावयाचे नाही, असा दंडक होता. कित्येक ठिकाणी वाळकी काडीही कोणी घरी नेत नसे. अवतीभोवतीचे डोंगर कोळशाच्या भट्ट्यांसाठी उघडे पडले, तेव्हाही अनेक देवरायांतील जुने वृक्ष व जांघेएवढे जाड वेल शाबूत राहिले. डॉ. माधव गाडगीळ व डॉ. वा. द. वर्तक यांनी 1970 नंतरच्या दशकात या देवरायांचा अभ्यास करून त्यांचे महत्त्व जगापुढे मांडले.

गावकऱ्यांस अभयारण्याचे नाव काढताच भीती वाटते, हेही खरे. आणि ती अकारण नाही. जमीन जाणे म्हणजे काय, हे मुळशीकरांनी पूर्वीच अनुभवले आहे. धरणाविरुद्ध 1921 मध्ये येथील शेतकऱ्यांनी सत्याग्रह आरंभिला आणि सेनापती बापट यांनी त्याचे नेतृत्व केले. तरीही धरण झाले व अनेक गावे पाण्याखाली गेली. म्हणून अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यांतील भेद समजून घ्यावयास हवा. सह्याद्रीतच दक्षिणेस असलेल्या चांदोलीसारख्या राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्यास मनाई असते व खाजगी हक्क उरत नाहीत. अभयारण्यात मात्र लोकांचे काही हक्क, नियम पाळून, पुढे चालू राहू शकतात.

शेकरूची वाट तुटते ती बहुतेक वेळा लहानसहान कारणांनी. उन्हाळ्यात लावलेला वणवा कोवळी रोपे जाळतो, आणि म्हाताऱ्या झाडाच्या जागी उभे राहावयास नवे झाड उरत नाही. वळणावर चार गाड्या उभ्या राहाव्यात म्हणून काठची झाडे जातात. रस्ता रुंद झाला, की दोन बाजूंच्या फांद्यांतील अंतर वाढते. तामिळनाडूतील वालपराई येथे अशाच रस्त्यावर सिंहपुच्छ माकडे गाड्यांखाली सापडू लागली, तेव्हा रस्त्याच्या एका बाजूच्या झाडापासून दुसऱ्या बाजूच्या झाडापर्यंत उंचावरून झुलते पूल बांधावे लागले. माकडे आता त्यांवरून ये-जा करतात. ताम्हिणीत जेथे दोन्ही बाजूंच्या फांद्या रस्त्यावर अद्याप एकमेकींस भेटतात, तेथे असा पूल बांधावा लागत नाही.