निर्मिती कोणाची?

नागपूरच्या धंतोली भागातील रामकृष्ण मठाने अनेक ग्रंथ प्रकाशित केले आहेत. ‘श्रीरामकृष्णवचनामृत’ हा त्यांपैकीच एक. मूळ ग्रंथ महेंद्रनाथ गुप्त यांनी बंगालीत लिहिला. तो हिंदीत आणला कविवर्य सूर्यकांत त्रिपाठी ‘निराला’ यांनी. हिंदी शब्दरचना निरालांची खरी. परंतु ती ज्या पायावर उभी आहे, तो पाया गुप्तांचा होय.

अशा कृतीवर हक्क कोणाचा? भारतात १९५७ साली झालेल्या कायद्याने याचे उत्तर दिले आहे. लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या ग्रंथावर स्वामित्वहक्क असतो. त्या काळात अनुवाद किंवा रूपांतर करावयाचे, तर सामान्यतः हक्कधारकाची संमती घ्यावी लागते. संमतीने केलेल्या अनुवादावर अनुवादकाचाही स्वतंत्र हक्क निर्माण होतो. संगणकाच्या आज्ञावलीलाही हा कायदा लागू आहे.

संगणकावरील खेळात खेळाडू पुष्कळदा स्वतःची भर घालतात. कोणी नवा प्रदेश रचतो, तर कोणी नवी पात्रे आणतो. अशा भरीला ‘मॉड’ म्हणतात. ‘ड्यूक न्यूकेम थ्रीडी’ या अमेरिकन खेळाच्या मालकांनी खेळाडूंना नवे टप्पे रचण्याची मुभा दिली होती. मात्र ते विनामूल्य द्यावेत, अशी अट होती. मायक्रो स्टार नावाच्या कंपनीने खेळाडूंनी रचलेले ३०० टप्पे गोळा केले आणि तबकडीवर घालून विकावयास काढले. प्रकरण न्यायालयात गेले. “आम्ही मूळ खेळातील एकही चित्र उचललेले नाही, कोणते चित्र कोठे मांडावे, एवढ्याच सूचना या टप्प्यांत आहेत,” असा कंपनीचा बचाव होता. न्यायालयाने १९९८ साली तो अमान्य केला. टप्पे नवे असले, तरी त्यांतून त्याच नायकाची कथा पुढे चालते, आणि कथा पुढे नेण्याचा हक्क मूळ मालकाचा आहे, असा निर्णय झाला.

मग भर घालणाऱ्याच्या श्रमांना मोल नाही काय? आहे, पण ते ठरविणे सोपे नसते. एप्रिल २०१५ मध्ये ‘स्कायरिम’ या खेळाचे मॉड पैसे घेऊन विकण्याची सोय मालकांच्या संमतीने सुरू झाली. विक्रीतील २५ टक्के वाटा मॉड रचणाऱ्यास मिळणार होता. उरलेला ७५ टक्के खेळाचे मालक व विक्रेते यांचा होता. खेळाडूंनी तीव्र विरोध केला आणि अवघ्या चार दिवसांत ही योजना मागे घ्यावी लागली.

याउलट ‘काउंटर-स्ट्राइक’ पाहा. १९९९ साली दोन तरुणांनी ‘हाफ-लाइफ’ या खेळाचा मॉड म्हणून तो रचला. मूळ खेळाच्या मालकांनी त्याचे हक्क विकत घेतले, त्या तरुणांना आपल्याकडे कामास घेतले आणि २००० साली तो स्वतंत्र खेळ म्हणून विक्रीस आणला.

पाया घालणाऱ्यास विचारल्यावाचून त्यावर मजला चढवू नये, हे खरे. परंतु मजला चढविणाऱ्याचा घामही विसरू नये. दोघांचा मान राखणारा करार झाला, तरच वाद टळतो आणि नवी निर्मिती बहरते.