हडपसरची बिनइंजिनाची विमानं

डेल्फ्टच्या विद्यार्थ्यांचा ग्लायडिंग क्लब तुम्हाला ठाऊक असेल. आपल्या पुण्यातही हडपसरला १९५० च्या सुमारास सरकारी ग्लायडिंग सेंटर सुरू झालं. तेव्हा हडपसर म्हणजे शहराबाहेरचे भाजीचे मळे.

ग्लायडरला इंजिन नसतं. मैदानाच्या टोकाला ठेवलेलं विंच लांब तार भराभर गुंडाळतं, ग्लायडर पतंगासारखं वर चढतं आणि वैमानिक तार सोडून देतो. पुढे तापलेल्या जमिनीवरून वर उठणारी हवा त्याला उचलते. ती सापडली नाही, तर काही मिनिटांतच खाली यावं लागतं. म्हणून मोकळं मैदान हवंच. आज शहर त्याला चहूबाजूंनी भिडलंय. सुट्टीत पुण्याला गेलात, तर मुलांना ते मैदान जरूर दाखवा.